लग्न लावायचा परवाना: एका पेंटेकॉस्टल पास्टरचा अनुभव

आमच्या पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या, ख्रिस्ती मंडळीत मी बाप्तिस्मा देतो, प्रभुभोजन वाटतो, आजाऱ्याच्या उशाशी रात्रभर प्रार्थनेला बसतो, कुणी गेलं तर मातीही देतो. पण मंडळीतल्या पोरापोरींची लग्नं कित्येक वर्षं मला लावता येत नव्हती. दौंडहून वऱ्हाड घेऊन पुण्याच्या एका मोठ्या चर्चमध्ये जायचं, तिथले रेव्हरंड लग्न लावणार आणि मी शेवटी एक प्रार्थना करणार, असं चालायचं. म्हाताऱ्या बायका विचारायच्या, "पास्टर, तुमच्या हातचं लग्न कधी?"

अडचण कायद्याची. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ सालचा. त्याच्या पाचव्या कलमात लग्न कुणी लावायचं ते ठरवून दिलंय: बिशपकडून, म्हणजे वरिष्ठ धर्माध्यक्षाकडून, दीक्षा मिळालेले, चर्च ऑफ स्कॉटलंडचे पाळक, शासनाचा परवाना असलेले धर्मसेवक, विवाह निबंधक, आणि देशी ख्रिस्ती लोकांना विवाहाचे दाखले द्यायचा परवाना असलेली व्यक्ती. कॅथलिक फादर, सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे) रेव्हरंड पहिल्याच प्रकारात बसतात. आम्हाला बिशप नाही. वडीलधाऱ्या पास्टरांनी डोक्यावर हात ठेवून, तेल लावून प्रार्थना केली, ती आमची दीक्षा. आमच्याच तालुक्यात, केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मोठं संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृती, झालं. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरच्या प्रसिद्ध पेंटेकॉस्टल जागृतीच्या एक वर्ष आधी. म्हणजे कायदा झाला तेव्हा आमच्यासारख्या मंडळ्या जन्मालाही आल्या नव्हत्या. कायदा करणाऱ्यांवर तरी काय रुसायचं!

परवाना नसताना लग्न लावलं तर अडुसष्टाव्या कलमाखाली दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे सांगितलं की आमचे काही तरुण पास्टर हसतात. ते लग्न लावतात, कॉम्प्युटरवर छापलेलं रंगीत सर्टिफिकेट देतात आणि जोडपं पुढे सरकारी कागदपत्रांच्या वेळी अडकतं. मला हे पटत नाही. सरळ मार्ग हवा असेल तर विशेष विवाह कायदा, १९५४ आहेच. तीस दिवसांची नोटीस देऊन निबंधकाकडे लग्न करावं आणि मग चर्चमध्ये आशीर्वाद घ्यावा. पण आईबापांना ते कोरडं वाटतं. त्यांना लग्न देवाच्या घरातच लागायला हवं असतं.

शेवटी ख्रिस्ती विवाह कायद्याच्या सहाव्या कलमाखाली परवान्यासाठी शासनाकडे अर्ज केला. माझ्याकडे जे मागितलं ते असं: दीक्षेचं पत्र, बायबल कॉलेजचा दाखला, ट्रस्टच्या नोंदणीची प्रत, सभासदांची यादी, उपासनेच्या जागेचा पुरावा. जागेपाशी गाडी अडली. आमची उपासना भाड्याच्या हॉलमध्ये होते. इतर दिवशी तिथे दहावीचा क्लास चालतो. मालक भला माणूस, पण स्टॅम्प पेपर म्हटल्यावर घाबरला. हॉल चर्चच्या नावावर जाईल की काय, अशी त्याला भीती. वकिलाने समजावल्यावर सही झाली.

सरकारी कचेरीत टेबलावरच्या बाईंनी फाइल चाळून विचारलं, "तुमचे बिशप कोण? त्यांचं पत्र कुठंय?"

"बिशप नसतात मॅडम आमच्यात. वडीलमंडळ आहे."

"मग तुम्हाला पास्टर केलं कुणी?"

पवित्र आत्म्याने, हे उत्तर ओठांवर आलं होतं. ते गिळून मी वडीलमंडळाचा ठराव पुढे केला. त्यांची चूक नव्हती. त्यांच्यासमोर तोवर बिशपवाल्यांचेच कागद आलेले.

मग पोलीस पडताळणी. हवालदारांनी चहा घेतला, आधारकार्ड पाहिलं, शेजाऱ्यांकडे चौकशी केली. "धर्मांतर वगैरे करता का?" असंही विचारलं. मी म्हटलं, "रविवारी या, मागे बसा, स्वतःच बघा." ते आले नाहीत, पण शेरा चांगला लिहिला असावा. पुढे मंडळीत उपास-प्रार्थना चालू होती आणि माझ्या फेऱ्याही चालू होत्या. बायको म्हणाली, "देवाला सांगितलंत, आता साहेबांनाही फोन करा." परवाना राजपत्रात निघतो. नाव छापून आलं त्या रविवारी आमच्याकडे हालेलुया जरा जास्तच वेळ चालला.

परवान्यामागून बंधनंही येतात. लग्नाआधी लेखी नोटीस घ्यायची आणि उपासनेच्या जागी ठळक दिसेल अशी लावायची. आमच्या भिंतीवर ती क्लासच्या वेळापत्रकाशेजारी लागते, त्यामुळे दहावीच्या पोरांना नवरानवरी आधी कळतात. लग्नाची वेळ सकाळी सहा ते संध्याकाळी सात. हे आपल्याकडच्या वऱ्हाडाला कुणी सांगायचं? माझ्या पहिल्याच लग्नात नवरदेवाची बस वाटेत बंद पडली. सात वाजत आले तेव्हा मी बँडवाल्याला थांबवलं आणि नवरदेवाला नाचातून ओढून आत आणलं. मामा रागावले. शपथ वेळेत झाली.

लग्न लागताच नोंद रजिस्टरमध्ये आणि त्याला जोडलेल्या दाखल्यावर, अशी दोनदा करायची. वधूवरांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या. दाखला महिन्याच्या आत जिल्ह्याच्या विवाह निबंधकाकडे पाठवायचा.

सगळ्यांनाच हा कागद हवा असतो असंही नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या माणसाला अनुसूचित जातीचा दर्जा राहत नाही. शीख आणि बौद्धांना तो पुढे मिळाला, आम्हाला नाही. त्यामुळे, ख्रिस्ती असल्याची कागदावर नोंद नको म्हणून, काही घरं भक्तीला नेमाने येतात आणि लग्नाचं निघालं की गप्प होतात. मी आग्रह करत नाही. पोरांची शिष्यवृत्ती त्यांची जाते, माझी नाही.

आता आसपासचे पास्टर त्यांची जोडपी माझ्याकडे आणू का, म्हणून फोन करतात. मी जमेल तितकी लग्नं लावतो आणि सोबत माझ्या अर्जाची झेरॉक्स त्यांच्या हातात देतो. त्यातल्या दोघांनी भरलाय. एकाचा घरमालक अजून सही करायला तयार नाही.