सासरे, सून आणि हुर्राक

पणजीत माणशी अडीच हजार रुपये मोजून, गाइडबरोबर या बारमधून त्या बारमध्ये दारू प्यायला पायी हिंडायचं, ही कल्पनाच आण्णांच्या पचनी पडेना. आण्णा म्हणजे माझे सासरे. कोल्हापूरकडच्या एका सहकारी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत ते केमिस्ट होते. मळी, रेक्टिफाइड स्पिरिट आणि सांडपाण्याचा तो वास, यात त्यांचा जन्म गेला. बुकिंग खरं तर नवऱ्याचं नि माझं होतं. ऐनवेळी त्याची मीटिंग लांबली आणि पैसे परत मिळणार नव्हते. "पैसे कशाला वाया घालवता, यांना घेऊन जा," असं सासूबाईच म्हणाल्या आणि नातवाला घेऊन हॉटेलच्या पूलकडे निघून गेल्या. सासऱ्यांना घेऊन गुत्ते पालथे घालणारी आमच्या भावकीतली मी पहिलीच सून असावी.

बाकीच्या गोव्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. मंगेशी झाली, जुनं गोवं झालं, कळंगुटला इतकी गर्दी होती की पाण्यात पाय बुडवायलाही रांग लावावी लागेल असं वाटलं.

फेरफटका सुरू झाला पणजीच्या मुख्य पोस्टाजवळून. एप्रिलची संध्याकाळ, अंगाला चिकटणारा उकाडा. गटात डझनभर माणसं होती: दिल्लीची मंडळी, बंगळुरूच्या आयटीतल्या मैत्रिणी, एक मुंबईचं जोडपं आणि आम्ही. गाइड पंचविशीतला, चुणचुणीत मुलगा. सगळं इंग्रजीतून. हे पोस्ट म्हणजे एकेकाळचं तंबाखूच्या व्यापाराचं घर, जुन्या गोव्यात साथींनी माणसं मरू लागली तशी वस्ती इकडे सरकत आली, १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. माहिती चोख होती, पण विनोदही पाठ केलेले. कुठे थांबायचं, कुठे भुवया उंचवायच्या, सगळं ठरलेलं. आण्णांनी मध्येच मराठीत विचारलं, "गाव कुठलं रे तुझं?" तसा गडी एकदम मोकळा झाला. डिचोलीचा, प्राथमिक शाळा मराठीतून, घरी अजून मराठी पेपर येतो, दर वर्षी देवळाच्या जत्रेला नाटक असतं आणि त्यात काकाची भूमिका ठरलेली. आम्ही तिघं बोलत राहिलो तशी दिल्लीकर मंडळी घड्याळाकडे बघायला लागली. गाइड बिचारा परत इंग्रजीत शिरला.

फोंतेन्हास ही पणजीतली जुनी पोर्तुगीज वळणाची वस्ती सुंदर आहे, यात वादच नाही. पिवळ्या, निळ्या, गेरूच्या रंगाच्या भिंती, लाकडी सज्जे, नावांच्या निळ्या-पांढऱ्या फरशा, काही ठिकाणी शिंपल्यांची तावदानं. पण दर तिसऱ्या दारावर 'फोटो काढू नका' अशी पाटी आणि त्या पाटीसकट फोटो काढणारी माणसं. एका घरात आजीबाई खिडकीत बसून भाजी निवडत होत्या. आमचा घोळका दिसल्याबरोबर त्यांनी खिडकी लोटून घेतली. घाईगडबड नाही, रागबीग नाही. आपण पंखा बंद करतो, तितक्या सहज. सेंट सेबॅस्टियनच्या चॅपेलमध्ये मात्र मी रेंगाळले. तिथला मोठा क्रूस पूर्वी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यात होता. १८१२ मध्ये इन्क्विझिशन बंद झाल्यावर तो पणजीच्या राजवाड्यात आला आणि १९१८ मध्ये इथे. त्यावरच्या येशूचे डोळे उघडे आहेत. चौकशीला उभ्या केलेल्या माणसांनी त्या डोळ्यांत बघून काय काय कबूल केलं असेल, या विचारात असतानाच बाहेरून हाक आली, "नेक्स्ट स्टॉप, गाइज!"

पहिल्या थांब्यावर क्रॉकेट मिळाले, कुरकुरीत आणि गरम. दुसऱ्या थांब्यावर कोकम घातलेली फेणी, लाल-गुलाबी, ग्लासाच्या काठावर मीठ. सुनेदेखत प्यायची वेळ आलेली, म्हणून आण्णा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले होते. एक घोट घेतला आणि वळून म्हणाले, "सरबत चांगलंय." अडीच हजारांतले निम्मे त्या ग्लासाच्या सजावटीत गेले असावेत, हा माझा हिशोब.

तिसरा थांबा पणजीच्याच मळा या भागातल्या एका गल्लीत. ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले, तो हाच. बारचं नाव लिहीत नाही, कारण अजून चार गट तिथे जाऊन बसावेत अशी माझी मुळीच इच्छा नाही. खोली एवढीशी. भिंतीला लागून बाकं, मधे दोन टेबलं, कोनाड्यात क्रूस आणि त्यापुढे लुकलुकणारा लाल बल्ब, वरच्या फळीवर काचेचे पोटफुगे बुधले. आत पाऊल टाकताच पिकल्या काजूच्या बोंडांचा वास नाकात घुसला. बाकांवर आठ माणसं कशीबशी मावली असती, आम्ही बाराजण कोंबून बसलो. गाइड म्हणाला, हाच खरा गोवा, इथे पर्यटक येत नाहीत. हे त्याने बारा पर्यटकांना सांगितलं.

सात वाजता दारात एक गृहस्थ येऊन उभे राहिले. सत्तरीच्या आसपासचे, अर्ध्या बाह्यांचा शर्ट पँटमध्ये नीट खोचलेला, काखेत घडी केलेला पेपर. आत एक नजर टाकली आणि चौकटीला टेकले. मालकाने न विचारता एक छोटा ग्लास भरला आणि आमच्या डोक्यांवरून त्यांच्या हातात दिला. म्हणजे रोजचं गिऱ्हाईक. त्यांची जागाही ठरलेली असणार, बहुधा मी बसले होते तीच, कारण त्या कोपऱ्यातल्या भिंतीवर डोक्याच्या तेलाचा जुना डाग होता. गाइडचं भाषण चालू होतं. गृहस्थ एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, असे उभे राहून पीत होते.

आण्णा उठले. "या, बसा."

"बसात, बसात," त्यांनी हात हलवला.

"अहो, या की."

"ना ना, तुम्ही पाहुणे."

दोघांपैकी कोणीच बसलं नाही. रिकाम्या जागेवर बंगळुरूच्या एका ताईंनी कॅमेऱ्याची बॅग ठेवली. आण्णा ग्लास घेऊन सरळ बाहेर गेले आणि त्यांच्या मागोमाग मीही. पुढची वीस-पंचवीस मिनिटं आम्ही तिघं गल्लीत उभे होतो. माझ्या लेखी पैसे वसूल झाले ते तिथे.

गृहस्थ वीज खात्यातून निवृत्त झालेले, मूळ सत्तरी तालुक्यातले. घरची काजूची बाग आणि भावाच्या हातात भट्टी. हे कळताच आण्णांनी नोकरीतला सूर काढला. "यीस्ट कुठलं घालता?" काहीच नाही घालत. बोंडं तुडवायची, रस काढायचा, तो तीन-चार दिवस भांड्यात आपसूक आंबतो. "काहीच नाही?" आण्णांनी परत विचारलं. आयुष्यभर यीस्ट जोपासून मळी आंबवलेल्या माणसाला हे फारच लागलं. आंबलेला रस भाणात, म्हणजे भट्टीच्या भांड्यात, घालून खाली लाकडं पेटवायची. वाफ नळीतून लावणी नावाच्या दुसऱ्या भांड्यात जाते, लावणीवर गार पाणी ओतत राहायचं. पहिल्या धारेचं ते हुर्राक. हुर्राकात परत आंबलेला रस मिसळून पुन्हा गाळलं की फेणी. हुर्राक हलकं असतं, टिकत नाही, म्हणून साधारण मार्च ते मे एवढ्याच दिवसांत प्यायचं. फेणी पार बेचाळीस-त्रेचाळीस टक्क्यांवर जाते. टक्के मात्र आण्णांचे. गृहस्थांचा हिशोब 'ग्राव' या दारूचा जोर मोजायच्या जुन्या मापात चालला होता. आण्णांनी लगेच खिशातल्या पेनने हातावर आकडेमोड सुरू केली.

"आणि जाळ किती ठेवायचा?"

"भाऊ ऐकतो," गृहस्थ म्हणाले.

"काय ऐकतो?"

"लावणीत धार पडते तिचा आवाज."

आण्णांनी पेनाचं टोपण लावलं.

आम्ही पीत होतो ते हुर्राकच. लिमका, लिंबाची फोड, चिमूटभर मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. मिरचीचा झणका आधी लागतो, काजूचा वास मागून येतो. आण्णा आता भिंतीकडे तोंड करून उभे नव्हते. माझ्या ग्लासातली मिरची बघून म्हणाले, "अगं, ती दाब थोडी, नुसती काय पोहतेय." लग्नाला इतकी वर्षं झाली, सासरे माझ्याशी पेयाबद्दल बोलले ते चहा सोडून पहिल्यांदाच.

सिंधुदुर्गातल्या आमच्या पाहुण्यांच्या बागेत बोंडू झाडाखाली कुजतात, बी तेवढी उचलतात, हे मी सांगितलं. गृहस्थांना ते माहीत होतं. पत्रादेवीच्या सीमानाक्याच्या अलीकडे दारू आणि पलीकडे खत, असं म्हणून ते हसले. मग म्हणाले, "तुमच्याकडे प्यायलासुद्धा परवाना लागतो म्हणतात, खरं की काय?"

आण्णांनी पाकीट काढलं. मतदार ओळखपत्र आणि देवीचा फोटो यांच्या मागून, प्लॅस्टिकमध्ये घातलेला एक कागद निघाला. आजीवन मद्य परवाना. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालचा, कारण महाराष्ट्रात तो कायदा आजही आहे आणि कागदोपत्री प्रत्येक पिणाऱ्याला परवाना लागतोच. हा कागद घरात कोणाला ठाऊक नव्हता, सासूबाईंना तर नाहीच. गृहस्थांनी चष्मा लावला, दिव्याखाली धरून अक्षर न् अक्षर वाचलं. "आरोग्य राखण्यासाठी?" त्यांनी मालकाला हाक मारली, मालक बाहेर आला, त्यानेही वाचलं. दोघं इतके हसले की आतले लोक वळून बघायला लागले. आण्णांनी गंभीरपणे खुलासा केला की परवाना विदेशी मद्याचा आहे, देशीचा नव्हे, त्यामुळे इथे तो तसाही चालला नसता. फेणी खूप वर्षं सरकारदरबारी देशी दारूच होती. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा मान दिला. त्या मानाने बोलायचं तर आण्णांचा कागद आता आणखीच घोटाळ्यात पडला.

"हे लोक नेहमी येतात?" मी आत बोट दाखवून विचारलं.

"आठवड्यातून दोनदा. तेवढा वेळ मी इथे उभा राहतो." मग आवाज खाली आणून, "ह्याचं भाडं सुटतं त्यात. आम्ही एका ग्लासावर दीड तास बसणारी माणसं."

त्यांना राग नव्हता. मला मात्र आला होता, आणि तो मालकावर काढता येईना की त्या डिचोलीच्या पोरावरही. निघताना मी गाइडला मराठीत म्हटलं, अरे, क्रम उलटा करा ना. पाचला इथे आणा, तेव्हा खोली रिकामीच असते. सातला त्या कोकमवाल्या बारमध्ये न्या, तिथे उभं राहायलाही जागा आहे. तो म्हणाला, "ताई, कंपनीला मी सांगितलेलं. ते म्हणतात, पाचला इथे माहोल नसतो." आता माहोल म्हणजे ही रोजची माणसंच ना? त्यांना उठवून आपण त्यांचा माहोल बघायचा. नंतर अभिप्रायाच्या फॉर्ममध्येही मी हेच लिहिलं. उत्तरात हात जोडल्याची चित्रं आणि पुढच्या फेरीवर सवलतीचा कोड आला.

शेवटी गाड्यावर रस ऑम्लेट. ऑम्लेटवर शागुतीचा, म्हणजे मसालेदार रश्श्याचा, गरम रस, वर कांदा-कोथिंबीर आणि बुडवायला पोई, म्हणजे इथला पाव. या फेरफटक्यातलं सगळ्यात चांगलं खाणं हेच, आणि ते कोणत्याही गाइडशिवाय शे-दीडशेत मिळतं. मांडवीत कॅसिनोच्या बोटी लग्नाच्या मांडवासारख्या लखलखत होत्या. आण्णा गाडीत गुणगुणत बसले. हॉटेलवर सासूबाईंनी विचारलं, "काय प्यायलात?" "कोकम सरबत," आण्णा म्हणाले. खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅफे भोसलेत पातळ भाजी, पाव आणि गरम बन्स खाल्ले. तिथे टेबलावर अनोळखी माणसाशेजारी बसावं लागतं, आपली दहा मिनिटं झाली की पुढचा डोक्यावर उभा राहतो. त्या गर्दीचा मला काडीचाही त्रास झाला नाही.

नवऱ्याला फेणीची बाटली घ्यायची होती. आण्णांनी साफ नाही म्हटलं. गोव्याची दारू महाराष्ट्रात न्यायची नाही, आपला परवाना त्याला लागू नाही, डिस्टिलरीत आयुष्य काढलेला माणूस पकडला गेला तर पेपरात छापून येईल. तेव्हा डिकीत बेबिंका ही गोव्याची मिठाई, काजू आणि पोयांची पिशवी, बस्स. इन्सुलीच्या नाक्यावर गाडी अडवली. हवालदाराने डिकी उघडून पिशव्या चाचपल्या, बेबिंकेचा डबा हुंगला. तोवर आण्णा खाली उतरून, कोणी न विचारता, पाकिटातला तो कागद उघडून उभे.

हवालदाराने वाचला, परत घडी घालून दिला. "काका, नोकरीत आल्यापासून हा कुणाकडं बघितला नव्हता."

मागच्या सीटवरून सासूबाईंनी विचारलं, "कसला कागद तो?"

आंबोलीचा घाट चढून आजरा येईपर्यंत आण्णा तेच समजावून सांगत होते.