एमयूएनची तयारी: बांगलादेश, जहाजतोडणी आणि 3 टक्क्यांची अट

यंदाच्या एमयूएनमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांनी देशांचे प्रतिनिधी होऊन भरवलेल्या नकली संयुक्त राष्ट्र सभेत, मला देश मिळालाय बांगलादेश. समिती एमईपीसी, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची पर्यावरण समिती, आणि अजेंडा जहाजांचं रिसायकलिंग. सुरक्षा परिषदेच्या जागांसाठी झुंबड उडते ते ठीक, पण या अजेंड्यावर बांगलादेशाइतकी वजनदार जागा मला दुसरी दिसत नाही. जहाजाचा मालक एका देशात, त्यावरचा झेंडा दुसऱ्याच देशाचा, आणि ते फोडणारी माणसं चितगावजवळच्या सीताकुंडच्या किनाऱ्यावर. ही शेवटची माणसं ज्याची, त्या देशाला वगळून इथे काहीच ठरत नाही.

जहाजं सुरक्षितपणे फोडण्याबद्दलच्या हाँगकाँग कराराचा प्रवासच तसं सांगतो. करार मंजूर झाला मे 2009 मध्ये. लागू व्हायला अटी तीन: किमान 15 देश, त्यांच्याकडे मिळून जगाच्या व्यापारी जहाजांच्या टनेजपैकी (एकूण आकारमानापैकी) 40 टक्के, आणि त्या देशांची जहाजं फोडायची वार्षिक क्षमता त्यांच्याच एकूण टनेजच्या निदान 3 टक्के. तिसरी अट वाचताना किरकोळ वाटते, पण घोडं अडलं ते तिथेच. मोठा झेंडेवाला देश, म्हणजे ज्याच्याकडे भरपूर जहाजं नोंदलेली आहेत असा, आत आला की टनेज वाढतं, आणि त्याबरोबर 3 टक्क्यांचा आकडाही फुगतो. फोडणारे देश आल्याशिवाय हिशोब जुळायचाच नाही. भारत 2019 मध्ये आला. 26 जून 2023 ला बांगलादेश आणि लायबेरिया एकाच दिवशी आले; एकाने क्षमता आणली, दुसऱ्याने टनेज. तिथून 24 महिन्यांनी, 26 जून 2025 ला करार लागू झाला. जीएसएलचं, म्हणजे वक्त्यांच्या सर्वसाधारण यादीतलं, माझं पहिलं भाषण याच तारखेवर उभं केलंय.

नवीन डेलिगेट्सना एकच आग्रहाने सांगेन: बातम्या नंतर वाचा, आधी सह्या बघा. देशाने कशावर सही केली, कधी केली, आणि घरचा कायदा काय म्हणतो. बांगलादेशाने स्वतःचा जहाज रिसायकलिंग कायदा 2018 मध्ये केला, म्हणजे करारात यायच्या आधी. त्यामुळे ‘आम्ही गरीब देश, सांभाळून घ्या’ हा सूर मी पोझिशन पेपरमधून, म्हणजे देशाची भूमिका मांडणाऱ्या कागदातून, पूर्ण काढून टाकला. आता सूर असा आहे की आम्ही आमच्या वाट्याचं केलं, आता तुमचं बोला.

या देशाची दुसरी बाजूही त्याच्या घरातच सापडते, आणि ती मला फार मोलाची वाटते. तिथल्या पर्यावरण वकिलांच्या संघटनेने, बेलाने, कोर्टात दाद मागितली आणि मार्च 2009 मध्ये उच्च न्यायालयाने पर्यावरण परवाना नसलेले यार्ड बंद करायला सांगितले. त्या लढ्यातल्या सईदा रिझवाना हसन ऑगस्ट 2024 मध्ये हंगामी सरकारात पर्यावरण सल्लागार झाल्या. कुणी ‘तुमच्या देशाला कामगारांची पर्वा नाही’ म्हणालं तर उत्तर परदेशी अहवालात शोधायची गरज नाही.

बीचिंग नीट कळावं म्हणून बराच वेळ दिला. मोठ्या भरतीला जहाज जोरात किनाऱ्यावर चढवतात. सीताकुंडचा किनारा सपाट आणि चिखलाचा. ओहोटीला पाणी दूरवर हटतं आणि जहाज तिथेच रुतून बसतं. मग गॅसकटरने तुकडे. कापलेला भाग चिखलात पडतो, आणि त्यातलं तेल, रंग, अ‍ॅस्बेस्टॉस कुठे जातं हा सगळा वाद आहे. हाँगकाँग करार बीचिंगवर सरसकट बंदी घालत नाही. युरोपीय संघाचा 2013 चा नियम त्याहून कडक, त्यामुळे युरोपीय डेलिगेट्स मॉडरेटेड कॉकस, म्हणजे एकाच मुद्द्यावरची नियमबद्ध चर्चा, हमखास यावरच मागतील.

समजून घ्यायला मुंबईत दारूखान्यालाही, म्हणजे इथल्या जहाजतोडणीच्या भागात, जाऊन आले. रे रोड स्टेशनवरून चालत जाता येतं. जुनी विक्रांत 2014 मध्ये इथेच तोडली गेली, आणि तिच्या पोलादाचा काही भाग पुढे बजाजच्या एका मोटरसायकलीत गेला. रस्त्याच्या कडेला नांगरांच्या साखळ्यांचे ढीग होते, एकेक कडी माझ्या हातात न मावणारी. शेजारी एक माणूस पत्रा कापत होता. ठिणग्या पडायच्या त्याच्या आधी जळक्या रंगाचा वास यायचा, घशात बसणारा. करारातल्या ‘धोकादायक पदार्थांची यादी’ या शब्दांमागे काय असतं ते तिथे उभं राहून कळलं. प्रत्येक जहाजाबरोबर अशी यादी हवी, हे त्या कराराचं मला सगळ्यात पटलेलं कलम.

सर्वात अवघड पीओआय, म्हणजे भाषणानंतर दुसऱ्या डेलिगेटने विचारलेला प्रश्न, धोकादायक कचऱ्याच्या वाहतुकीवरच्या बासेल करारावर येणार. बासेलची निर्यातबंदीची दुरुस्ती डिसेंबर 2019 पासून लागू आहे. श्रीमंत देशांतून गरीब देशांत धोकादायक कचरा पाठवायचा नाही. मग मोडीत निघालेलं जहाज म्हणजे कचराच की! माझं उत्तर दोन पायऱ्यांचं आहे. एक, हाँगकाँग कराराचं कलम 15 इतर करारांतली बंधनं शाबूत ठेवतं. दोन, विकायचा निर्णय भर समुद्रात झाला तर निर्यात करणारा देश कोणता, हे बासेलला ठरवणं जड जातं. इथून मी चर्चा झेंड्याकडे वळवणार. शेवटच्या फेरीआधी जहाज दलालाकडे जातं आणि कोमोरोस किंवा पलाऊसारख्या देशाचा झेंडा लावतं. जबाबदारी झेंड्यावर टाकली की ती अशी अंगावरून झटकता येते.

त्यामुळे वर्किंग पेपरमध्ये, म्हणजे ठरावाच्या कच्च्या मसुद्यात, माझं मुख्य कलम हे: तोडणीच्या आधीच्या काळात झेंडा बदलला असेल तर आधीच्या देशानेही धोकादायक पदार्थांची यादी फोडणाऱ्या देशाला द्यावी. दुसरं कलम पैशाचं. चितगावला धोकादायक कचऱ्याच्या विल्हेवाटीचं केंद्र उभं करायचं तर त्यात जहाजमालक देशांचा वाटा हवा. नॉर्वे तिथल्या प्रकल्पाला आधीपासून मदत करतो, म्हणून लॉबिंगला पहिली त्याचीच चिट जाणार. भारत आणि पाकिस्तान स्पॉन्सर व्हावेत अशी इच्छा आहे. धंद्यात स्पर्धक असले तरी बीचिंगवर तिघांचं हित एक आहे.

फाईल जवळपास तयार आहे. ईबी, म्हणजे समिती चालवणारं मंडळ, पुरावा म्हणून यूएनची कागदपत्रं आणि सरकारी अहवाल मागते, त्यामुळे कराराची मूळ कलमं छापून खुणा केल्यात. 90 सेकंदांचं भाषण अजून थोडं लांबतंय, 3 टक्क्यांचा हिशोब दोन वाक्यांत बसवायचाय. लायबेरिया कुणाला मिळालाय ते कळलं की पहिल्या अनमॉडच्या (जागेवरून उठून होणाऱ्या मोकळ्या चर्चेच्या) आधीच गाठायचंय. झेंड्याच्या कलमाला सर्वात जास्त विरोध तिथूनच होणार, म्हणून मवाळ शब्दांतली एक फ्रेंडली अमेंडमेंट, म्हणजे मसुदा मांडणाऱ्यांनाच मान्य असलेली दुरुस्ती, आत्ताच लिहून ठेवतेय.