मावशी, तो मरत नाही

मॉलमध्ये सुपरहिरोचा सिनेमा बघताना मला झोप लागली. सांगायला लाज वाटते, कारण त्या वेळी पडद्यावर अख्खं शहर कोसळत होतं. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये तासभर कुथत पोचलेलो, त्यात एसीची गार झुळूक. एका दणक्याने दचकून उठले आणि भाच्याला विचारलं, "मेला का रे तो?"

भाचा पॉपकॉर्नच्या तळाशी हात घालून चीजवाले दाणे शोधत होता. पडद्याकडे न बघताच म्हणाला, "मावशी, तो मरत नाही. अजून दोन पार्ट यायचेत."

वय वर्षं अकरा. परीक्षण संपलं!

याच्या ताईला मी २०१८मध्ये 'इन्फिनिटी वॉर' बघून हुंदके देताना पाहिलंय. निम्मी सृष्टी राख होऊन उडाली, त्यात तिचा लाडका स्पायडरमॅनही गेला. पण त्याच्या पुढच्या सिनेमाची तारीख तेव्हा कधीच जाहीर झाली होती. म्हणजे दहाव्याला जमलेल्यांच्या हातात बारशाचं आमंत्रण. तिसऱ्या दिवशी कुणीतरी तिला ते सांगितलं आणि ती स्वतःच्या रडण्यावरच चिडली.

आता शेवट आधी कळला म्हणून मजा जाते, हे काही मला पटत नाही. अभिमन्यू चक्रव्यूहातून बाहेर येत नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तरी बुवांनी कीर्तनाच्या उत्तररंगात अभिमन्यू लावला की आमची आजी कौपिनेश्वराच्या देवळातून डोळे सुजवून घरी यायची. दरवेळी.

कर्णाचं बघा. कवचकुंडलं घालून तो कुरुक्षेत्रावर उतरला असता तर त्याच्या लढाईत बघण्यासारखं काय उरलं असतं? म्हणून युद्धाआधीच इंद्र ब्राह्मण होऊन दारात येतो. सुपरमॅन कॉमिकमध्ये आला १९३८ साली, आणि त्याला लुळं पाडणारं क्रिप्टोनाइट आलं १९४३मध्ये, तेही रेडिओवरच्या मालिकेतून. अडचण त्यांनाही कळली होती म्हणायची. पण तो खडा बाहेरून येतो. बाजूला सारला की गडी पुन्हा ठणठणीत. कर्णाने कवच स्वतःच्या हाताने अंगावरून सोलून दिलं, समोर कोण उभा आहे हे माहीत असूनही. ते परत मिळणार नव्हतं.

ठाणेकरांना तर थरार वेगळा शिकवायला नको. २०१२मध्ये इथेच दहीहंडीला नऊ थरांचा, ४३.७९ फुटांचा मनोरा लागला आणि गिनेसमध्ये नोंद झाली. सगळे माना वर करून बघतात. मी खाली बघते. गेल्या खेपेला सगळ्यात खालच्या थरातल्या एका पोराची पोटरी माझ्या नजरेत होती. चिखल, पाणी, अनवाणी पाय. सहावा थर चढला आणि ती पोटरी लटलट कापायला लागली. मागच्याने त्याच्या हाफ पँटचा कमरपट्टा मुठीत धरलेला. त्या बिचाऱ्याचं तोंड आत, मान खाली. वर हंडी आहे की नाही हेही त्याला दिसत नव्हतं. डीजेसुद्धा गप्प झाला. हंडी काही फुटली नाही. वरचं चिमुरडं सलामी देऊन हातोहात खाली उतरलं, आणि तेव्हा लक्षात आलं की मी शेजारच्या अनोळखी बाईचं मनगट गच्च धरून ठेवलंय. तीही काही बोलली नव्हती.

परवा भाच्याला घरी २००४चा 'स्पायडरमॅन २' लावून दिला. त्यातला पोरगा गरीब. उशीर झाला म्हणून पिझ्झा पोचवायची नोकरी गेलेली, घरभाडं थकलेलं. सुटलेली ट्रेन तो दोन्ही हातांनी जाळी ताणून थांबवतो. अंगावरचा वेश टराटरा फाटतो, तोंडावर मुखवटा नाही. ट्रेन थांबते आणि तो कोसळतो. मग डब्यातली माणसं त्याला डोक्यांवरून हातोहात आत घेतात, गर्दीच्या लोकलमध्ये आपण बॅग पुढे सरकवतो तसं. एक जण म्हणतो, हा तर पोर आहे, माझ्या मुलाएवढा.

भाच्याचा हात वेफर्सच्या पाकिटात तसाच राहिला होता. मला राहवलं नाही. म्हटलं, "अरे, तो मरत नाही. तिसरा पार्ट आहे त्याचा."

"गप गं मावशी," तो म्हणाला, आणि रिमोट माझ्यापासून लांब ठेवला.