कंसातलं नाव

माणूस गेला की सातबाऱ्यावर त्याच्या नावाला कंस करतात. पुसत नाहीत, नुसता कंस, आणि खाली वारसांची नावं चढतात. बाबांची तेरवी झाली, पाहुणे गेले आणि मी पटवाऱ्याकडे वारस नोंदीचा अर्ज दिला (आमच्या अमरावती जिल्ह्यात तलाठी कोणी म्हणत नाही). मग पंधरा दिवसांची नोटीस, कोणाची हरकत आली नाही, मंडळ अधिकाऱ्यानं फेरफार मंजूर केला. नवीन सातबारा हातात आला तर बाबांचं नाव कंसात. जुन्या हातानं लिहिलेल्या सातबाऱ्यावर आबाजींचं, म्हणजे आजोबांचं, नावही असंच कंसात आहे, ते लहानपणापासून बघत आलोय, पण बाबांचं बघितलं आणि तिथंच ऑफिसच्या पायरीवर बसून रडलो, खरं सांगतो, मसणात पण एवढं रडू आलं नव्हतं.

पण त्या कंसाच्या खालची ओळ आईची होती. वावराच्या कागदावर तिचं नाव पहिल्यांदाच आलं. लग्न होऊन आली तेव्हापासून तिथंच निंदण, तिथंच कापूस वेचणी, धुऱ्यावरचा कडुलिंब तिनं डोक्यावर पाणी नेऊन जगवलेला, आणि नाव चढलं कधी, तर नवरा गेल्यावर. तिला कागद दाखवला तर म्हणाली, "आता मी काय करू याचं? थे होते तवा चढलं असतं तं त्याईले दाखवलं असतं."

हे वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही.

बाबांना स्वतःच्या नावाचं कधी काही वाटलं नाही. मागच्या वावरांना जायला रस्ता नव्हता, पावसाळ्यात बंडी फसायची, तर त्यांनी आपल्या धुऱ्याकडची पट्टी सोडून दिली, एका शब्दावर, कुठं लिहून नाही घेतलं की दिलं नाही. पांदणीवरून, म्हणजे वावराच्या वाटेवरून, गावोगावी डोकी फुटतात हे ज्याला माहीत आहे त्यालाच कळेल हे केवढं आहे. ते गाडगेबाबांना मानायचे. त्या माणसानं पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा बांधल्या, त्यातलं घरच्यांसाठी काही ठेवलं नाही, आणि 20 डिसेंबर 1956 ला अमरावतीला येता येता वलगावजवळ पेढी नदीपाशी वाटेतच गेला. बाबा हे सांगताना दरवेळी गप्प व्हायचे. पण मला आता वाटतं, बाबांना नाव सोडता आलं कारण ते त्यांच्याकडे होतं. आईकडे सोडायलाच काही नव्हतं.

आणि आमच्या घरी निदान वावर बाबांच्या नावावर होतं. आपल्याकडे कर्जापायी नवऱ्यानं जीव दिला आणि वावर सासऱ्याच्या नावावर, अशा बाया काय करतात? पेरणी तोंडावर आलेली असते, पीककर्जाला सातबारा लागतो, आणि त्यावर तिचं नावच नसतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचं काम हाती घेतलं ते बाईच्या नावावर जमीन यावी म्हणून, नवरा जिवंत असतानाच बायकोच्या नावावर जमीन करायची, आणि हजारो शेतकऱ्यांनी तसं केलंही. नंतर सरकारनंही लक्ष्मीमुक्ती योजना आणली, त्यात बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं.

तेरवीच्याच दिवशी दोघा-तिघांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, बहिणीकडून हक्कसोड (आपला हिस्सा सोडल्याचा कागद) करून घे, साडीचोळी कर, नंतर जावई त्रास देतो. आमच्या आत्यानं असाच अंगठा दिला होता, आणि माहेरी आली की वावराकडं फिरकायचीसुद्धा नाही. 2005 च्या कायद्यानं वडिलोपार्जित जमिनीतही मुलीचा हक्क मुलाएवढाच केलाय, पण मी कायद्यासाठी नाही ठेवलं ताईचं नाव. ती बाबांची लेक आहे, एवढंच. आई, ताई, मी, अशा तीन ओळी आहेत आता.

माझ्या हिश्शात बायकोचं नाव लावायचा अर्ज तहसीलदाराकडे दिलाय. तुम्हीही सरकारच्या महाभूलेख साइटवर आपला सातबारा उघडून बघा, मोबाईलवर दिसतो, आणि खातेदाराच्या रकान्यात घरातल्या बाईचं नाव नसेल तर घरचा माणूस हिंडता-फिरता आहे तोवर त्याच्याशी बोला.