एअरबॅगची लाइट येते-जाते: कोड उडवण्याआधी वेळ लिहून ठेवा

किल्ली फिरवली की डॅशबोर्डवर बसलेल्या माणसाचं आणि त्याच्या पुढ्यात गोल फुग्याचं चित्र पेटतं. साधारण ५-६ सेकंद राहतं आणि आपोआप विझतं. तेवढ्या वेळात एअरबॅगचं कंट्रोल युनिट आपल्या वायरी, सेन्सर आणि बॅगा तपासून घेतं. लाइट विझलीच नाही, किंवा चालत्या गाडीत मधेच पेटली, तर त्या तपासणीत काहीतरी नापास झालंय असं समजायचं.

कायम पेटून राहणारी लाइट त्यातल्या त्यात बरी. गाडी कधीही गॅरेजात न्या, बिघाड समोर हजर असतो. डोकं खाते ती येणारी-जाणारी. खानापुरातून निघताना पेटते आणि बेळगावच्या उद्यमबागेत मेकॅनिकपुढे गाडी उभी केली की विझलेली असते. मग कोड, म्हणजे कंट्रोल युनिटने नोंदवलेला आणि स्कॅनर यंत्रावर दिसणारा बिघाडाचा नंबर, उडवला जातो, ‘परत आली तर बघू’ म्हणून गाडी घरी येते आणि आठ दिवसांत तेच चित्र पुन्हा. १ जुलै २०१९ पासून नव्या कारला ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, त्यामुळे आता अगदी छोट्या गाडीतही एअरबॅगच्या पिवळ्या वायरी आहेत, आणि ही तक्रारही घरोघरी आहे.

ही लाइट अंगावर काढू नका. ती पेटलेली असताना धडक झाली तर बॅग उघडेल याची खात्री राहत नाही. काही गाड्यांत फक्त बिघडलेलं सर्किट बंद पडतं, काहींत सगळी यंत्रणाच. आपल्या गाडीत काय झालंय ते स्टीअरिंगमागे बसून कळत नाही. दुरुस्ती होईपर्यंत बेल्ट तर हवाच, आणि त्यातही बेल्ट ताणणारा प्रीटेन्शनर याच यंत्रणेचा भाग आहे हे लक्षात असू द्या.

येणाऱ्या-जाणाऱ्या बिघाडाचा अर्धा शोध गाडीला हात लावण्याआधी लागतो. लाइट पेटली त्या क्षणी काय चाललं होतं, ते वहीत किंवा मोबाइलवर लिहा: सीट मागेपुढे केली होती का, स्टीअरिंग पूर्ण वळवलं होतं का, रात्रभर पाऊस होता का, सकाळी स्टार्टर जड फिरला का, गाडी धुऊन आणली होती का, नवे सीट कव्हर बसवले होते का. अशा चार-पाच नोंदी झाल्या की कारण बहुधा दिसायला लागतं. सीट हलवल्यावर पेटणारी लाइट सीटखाली शोधायची, वळणावर पेटणारी स्टीअरिंगमध्ये, पावसानंतर पेटणारी कार्पेटखाली.

इतक्या बारीक कारणाने लाइट का पेटते, तेही समजून घेण्यासारखं आहे. बॅग पेटवणाऱ्या स्फोटक दारूच्या छोट्या कुपीला स्क्विब म्हणतात. तिचा रेझिस्टन्स साधारण २ ओहम. वायरी आणि कपलर (दोन वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड) धरून पूर्ण सर्किट दोन-तीन ओहमच्या आसपास असतं. कंट्रोल युनिट हा आकडा गाडी चालू असेपर्यंत बघत राहतं. कपलरच्या पिनेवर थोडी हिरवट चढली, किंवा पिन सैल होऊन खड्ड्यात क्षणभर सुटली, की आकडा मर्यादेबाहेर जातो आणि लाइट पेटते. एवढ्याशा फरकाचा म्युझिकच्या बटनाला पत्ताही लागणार नाही. एअरबॅगला लागतो आणि लागायलाच हवा.

सगळ्यात जास्त वेळा दोष सापडतो तो पुढच्या सीटांखाली. सीटमधली साइड एअरबॅग, बेल्टच्या बकलचा स्विच, काही गाड्यांत बकलचा प्रीटेन्शनर, या सगळ्यांच्या वायरी तिथूनच जातात. सीट दिवसातून दोनदा मागेपुढे होते, वायर ताणली जाते. व्हॅक्यूमची नळी कपलरला लागते. पाण्याची बाटली, छत्री, जॅकचा दांडा, नारळाची पिशवी असं काहीही आपण सीटखाली सरकवतो आणि ते थेट त्या कपलरवर जाऊन बसतं. सीट कव्हर बसवणारा घाईत सीट उचलतो आणि कपलर अर्धाच दाबून ठेवतो.

हा पिवळा कपलर जवळून बघितला तर आत पितळेची एक पातळ पट्टी दिसते. कपलर सुटा असताना ती पट्टी दोन्ही पिना एकमेकींना जोडून ठेवते, म्हणजे अंगातल्या स्टॅटिक विजेने बॅग फुटू नये. कपलर पूर्ण आत गेला की समोरचा प्लास्टिकचा दात ही पट्टी उचलतो आणि पिना एकमेकींपासून सुट्या होतात. कपलर अर्धवट बसला तर पट्टी धड उचलली जात नाही. मग स्कॅनरवर ‘रेझिस्टन्स लो’ किंवा ‘शॉर्ट’ येतं. पिन गंजली किंवा सैल असली तर उलट ‘रेझिस्टन्स हाय’ किंवा ‘ओपन’ येतं. कोडच्या शेवटचा हा एक शब्द वाचला तरी कुठल्या जातीचा दोष शोधायचा ते ठरतं.

सीटखालचा कपलर तपासणं जपून काम करणाऱ्या माणसाला घरी जमतं, पण क्रम चुकवायचा नाही. इग्निशन बंद करा, किल्ली काढा. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, बहुतेक गाड्यांत १० नंबरचा पाना लागतो. केबलच्या टोकाला फडकं गुंडाळून ती बाजूला ठेवा. आता थांबा. कंट्रोल युनिटमध्ये कपॅसिटर असतो. अपघातात बॅटरी तुटली तरी बॅग उघडावी म्हणून त्यात वीज साठवलेली असते आणि ती उतरायला वेळ लागतो. गाडीप्रमाणे मॅन्युअलमध्ये १ ते ३ मिनिटं किंवा जास्त दिलेलं असतं. मॅन्युअलचा आकडा पाळा, आणि तो ५ मिनिटांपेक्षा कमी असला तरी ५ मिनिटं जाऊ द्या.

नंतर टॉर्च घेऊन सीटखाली बघा. कपलरचं छोटं लॉक पूर्ण दाबलेलं आहे का? वायर सीटच्या रुळात चेपली आहे का, तिचं वरचं आवरण सोललं आहे का? कपलर काढायचा तर आधी लॉक उघडा आणि प्लास्टिक धरून ओढा, वायर धरून कधीच नाही. पिना वाकल्या असतील, काळ्या किंवा हिरव्या पडल्या असतील तर दिसतं. इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरचा हलका फवारा मारा, पूर्ण वाळू द्या, आणि ‘टक्’ आवाज येईपर्यंत परत बसवा. पॉलिश पेपर घासू नका, पिनेवरचा मुलामा निघतो आणि दोष वाढतो. शेवटी सीट पार पुढे आणि पार मागे नेऊन वायरीला ढील पुरतो का बघा. लोंबणारी वायर केबल टायने बांधायची असेल तर तो ढील ठेवूनच बांधा. कपलर सुटा असताना इग्निशन चालू केलं तर नवा कोड जमा होतो आणि मूळ कोडात तो मिसळून जातो.

एक गोष्ट कुणीही करू नये: एअरबॅगच्या किंवा प्रीटेन्शनरच्या पिनांना साधा मल्टिमीटर लावणं. मीटर रेझिस्टन्स मोजताना स्वतःचा करंट सोडतो, आणि समोर दारू आहे. जाणकार इलेक्ट्रिशियन बॅगेच्या जागी २ ओहमचा डमी लोड, म्हणजे तेवढ्याच रेझिस्टन्सचा नकली तुकडा, लावतो. लोड लावल्यावर कोड गेला तर दोष बॅगेकडे, राहिला तर वायरीत किंवा युनिटमध्ये.

दुसरी जागा स्टीअरिंगची. चाक फिरतं, पण त्यातली बॅग, हॉर्न आणि बटनं वायरीने जोडलेली राहायला हवीत. त्यासाठी स्टीअरिंगमागे प्लास्टिकच्या गोल डबीत चपटी रिबन केबल गुंडाळलेली असते. तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात. लाइट वळणावरच येत असेल, जोडीला हॉर्न मधूनच वाजत नसेल किंवा स्टीअरिंगवरची आवाजाची बटनं रुसत असतील, तर संशय थेट हिच्यावर घ्या. चोर्ला किंवा अनमोड घाटात लाइट पेटते आणि हायवेला लागल्यावर विझते, या तक्रारीमागे पुष्कळदा फाटत आलेली रिबन असते. आपल्याकडची तांबडी माती बारीक असते, स्टीअरिंग कॉलमच्या फटीतून आत जाऊन ती रिबनवर घासते. डबीतून खरखर ऐकू येते.

क्लॉक स्प्रिंग तुटण्याचं आणखी एक कारण माणसाच्या हातचं आहे. स्टीअरिंग रॅकचं काम करताना कॉलम सुटा केला आणि चाक मोकळं फिरलं, की रिबनचा मधला बिंदू सरकतो. गाडी बाहेर पडल्यावर पहिल्या पूर्ण वळणात ती ताणून फाटते. म्हणून रॅकचं काम करून घेताना स्टीअरिंग सरळ ठेवून बांधायला सांगा. नवी डबी बसवताना तिची लॉक पिन शेवटपर्यंत काढायची नाही. पिन निघालीच असेल तर डबी हलक्या हाताने एका टोकापर्यंत फिरवायची आणि त्या गाडीच्या मॅन्युअलमधल्या वेढ्यांइतकी मागे आणायची, अंदाजाने नाही. रिबनला डाग देऊन चालत नाही, डबी बदलायचीच. काही गाड्यांत स्टीअरिंग अँगल सेन्सर याच डबीत असतो, तिथे नंतर स्कॅनरने कॅलिब्रेशन करावं लागतं. हे काम शिकलेल्या हातानेच व्हावं. काढलेली बॅग टेबलावर ठेवताना तिची नाव कोरलेली बाजू वर हवी. उलटी ठेवलेली बॅग चुकून उघडली तर गोळ्यासारखी छताकडे जाते.

आता पावसाचं. कणकुंबी-जांबोटी भागात रोज ये-जा करणाऱ्यांनी हे नीट वाचावं. एअरबॅगचं कंट्रोल युनिट बहुतेक गाड्यांत गिअरच्या आजूबाजूला, मधल्या कन्सोलखाली फरशीला बोल्टने आवळलेलं असतं, आणि सीटचे कपलरही फरशीवरच. एसीची पाणी सोडणारी नळी मातीने तुंबली, दाराचं रबर फाटलं किंवा सनरूफच्या निचऱ्याच्या नळ्या भरल्या, की पाणी आत येतं. वरून कार्पेट कोरडं लागतं, पण त्याखालचा फोम दिवसेंदिवस पाणी धरून बसतो. अंगठा जोराने दाबून बघा, ओल वर येते. असं असेल तर आधी पाणी कुठून येतं ते बंद करा, मग कार्पेट उचलून वाळवा, मग कपलर बघा. उलट क्रमाने केलं तर पुढच्या पावसात पैसे पुन्हा जातात. पुढच्या बाजूचे धडक सेन्सर रेडिएटरच्या आसपास असतात. गाडी धुताना प्रेशरचा फवारा तिथे जवळून मारू नका.

ऊसपट्ट्यात, म्हणजे निपाणी-चिकोडीकडे, उंदरांची भर पडते. फड तुटला की उंदीर घराकडे आणि गाडीत येतात. कुरतडलेली एअरबॅगची वायर पीळ देऊन टेप गुंडाळून जोडू नका. बऱ्याच कंपन्या या वायरिंगला जोड द्यायला साफ मनाई करतात, काही ठरावीक किटनेच परवानगी देतात. बदलायचा तर पूर्ण तुकडा बदला.

सकाळी पहिल्या स्टार्टलाच लाइट येत असेल तर आधी बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, १२.२ च्या खाली बॅटरी उतरलेली. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. टर्मिनल घासून आवळण्याने प्रश्न सुटला तर बाकी काही उघडू नका.

स्कॅनरबद्दल. मोबाइलला जोडायचं स्वस्त ब्लूटूथ यंत्र बहुधा फक्त इंजिनचे, पी ने सुरू होणारे कोड वाचतं. एअरबॅगचे कोड बी ने सुरू होतात, युनिटांमधला संपर्क तुटल्याचे यू ने. गॅरेजला फोन करून ‘एअरबॅग मॉड्यूल वाचता येतं का’ एवढं आधी विचारा. कोड ‘करंट’ (आत्ता असलेला) आहे की ‘हिस्टरी’ (आधी येऊन गेलेला) हेही बघायला सांगा. येणारा-जाणारा दोष बहुतेकदा हिस्टरीत सापडतो. उडवण्याआधी स्क्रीनचा फोटो काढाच. आपल्याकडे मालक मराठीत सांगतो, काम करणारा कन्नडमध्ये ऐकतो, स्कॅनर इंग्रजीत बोलतो. सांगण्यात गल्लत होते, फोटोतल्या कोडच्या आकड्यात होत नाही. लाइव्ह डेटा दिसत असेल तर इग्निशन चालू ठेवून सीट सावकाश सरकवा, स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, आणि कोणत्या सर्किटचा ओहमचा आकडा उडी मारतो ते बघा. या एका चाचणीत कितीतरी वेळा उघडझाप वाचते.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. ऑगस्ट २०१९ च्या पुरात बेळगाव जिल्ह्यातली कित्येक गावं पाण्यात होती, आणि पुराचं पाणी बघितलेली गाडी पॉलिशने ओळखू येत नाही. सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. आतल्या टोकाला गाळाची रेघ किंवा वेगळा रंग दिसतो, कारण तो भाग कोणी धूत नाही. सीटचे रूळ आणि त्यांचे बोल्ट गंजलेत का तेही बघा.

दुसरी गोष्ट लाइटचीच. बॅगेच्या जागी रेझिस्टर लावून लाइट विझवलेल्या गाड्या असतात, आणि तो खोटेपणा नुसत्या लाइटवरून पकडता येत नाही. त्यासाठी बॅग आणि कपलर प्रत्यक्ष बघावे लागतात. पण बल्ब काढलेला किंवा लाइट दुसऱ्या वायरीला जोडलेली असेल तर ते मिनिटभरात कळतं. इंजिन सुरू न करता इग्निशन चालू करा. ऑइल आणि बॅटरीची लाइट पेटून राहील. एअरबॅगची लाइट त्यांच्याबरोबर पेटली पाहिजे, आणि त्या दोन्ही अजून पेटलेल्या असतानाच काही सेकंदांनी एकटी विझली पाहिजे. ती पेटलीच नाही, किंवा इंजिन सुरू झाल्यावर ऑइलच्या लाइटबरोबर एकाच वेळी गेली, तर मीटर उघडून दाखवल्याशिवाय विसार देऊ नका.