रिकाम्या रुळांचा हिशेब

करमळी स्टेशनाबाहेरच्या पायलटने, म्हणजे आमच्या गोव्याच्या मोटारसायकल टॅक्सीवाल्याने, सरळच विचारलं, "साहेब, रूळ तर दिवसभर रिकामेच दिसतात. मग मडगाव-थिवी लोकल का सोडत नाहीत?" कोकण रेल्वेच्या एकेरी मार्गावर किती गाड्या मावतात हे मोजायलाच आम्ही तिथे गेलो होतो.

उत्तर समोरच उभं होतं. लूप लाईनवर, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, एक पॅसेंजर क्रॉसिंगसाठी, म्हणजे समोरची गाडी जाऊ द्यायला, थांबलेली. शेवटचा डबा फाउलिंग मार्कच्या, म्हणजे शेजारच्या रुळापासून सुरक्षित हद्दीच्या खुणेच्या, आत आल्यावरच मेन लाईनचे पॉइंट, म्हणजे रूळ बदलणारे सांधे, लागतात आणि समोरच्या गाडीला सिग्नल मिळतो. ती गेली की पॉइंट पुन्हा लूपकडे, पुढच्या स्टेशनचा लाईन क्लिअर, म्हणजे गाडी सोडायची परवानगी, मग स्टार्टर, म्हणजे सुटायचा सिग्नल. सगळं वेळेवर असेल तर काही मिनिटांचं काम. पण समोरची गाडी रखडली की तिचा उशीर लूपमधल्या गाडीच्या माथी. त्या दिवशी तेच झालं. कंटाळून माणसं उतरली आणि रस्त्याकडे निघाली.

पायलटला वहीच्या मागच्या पानावर स्कॉटचं सूत्र, म्हणजे एकेरी मार्गावर दिवसाला किती गाड्या मावतात त्याचं गणित, मांडून दाखवलं. सर्वांत लांब ब्लॉक, म्हणजे दोन स्टेशनांमधला टप्पा, ओलांडायची मिनिटं, त्यात लाईन क्लिअर वगैरेची पाच मिळवायची, त्या बेरजेने दिवसाच्या १४४० मिनिटांना भागायचं आणि ०.७ ने गुणायचं. राहिलेले ३० टक्के देखभालीला आणि उशिरांना. समजा ब्लॉक १२ किलोमीटरचा. ताशी ६० ने १२ मिनिटं, म्हणजे दोन्ही दिशांच्या मिळून ५९ गाड्या. मुसळधार पावसात वेग ४० वर आणला की १८ मिनिटं, गाड्या ४३. आणि सकाळी सहा ते रात्री दहा, अर्ध्या तासाला एक लोकल म्हटलं तर जाऊन-येऊन ६४. एक्स्प्रेस राहू द्या, नुसत्या लोकलच मावत नाहीत.

दुहेरीकरण, म्हणजे दुसरा मार्ग टाकणं, म्हटलं की गोव्यात आधी कोळशाची वाहतूक आठवते आणि बोलणं तिथेच अडतं. माझ्या मते आधी पैसा घालावा तो ब्लॉकच्या मधोमध एका क्रॉसिंग लूपवर. सहा मिनिटांचे दोन तुकडे झाले की ९१ गाड्या, पावसात ७२. तासाला एक लोकल, म्हणजे ३२ गाड्या, वजा केल्या तरी बाकीच्यांना ५९ आणि ४० उरतात. जवळपास पूर्वीइतक्याच. मात्र एक ब्लॉक तोडला की त्याच्या खालोखाल लांब असलेला ब्लॉक गळा धरतो, त्यामुळे एका लूपवर भागत नाही.

लूप स्वस्तही नाही. गाडी उभी राहायला मोकळी लांबी भरपूर लागते आणि यार्डात ४०० मीटरला एक मीटरपेक्षा जास्त चढ चालत नाही. आपल्याकडे एवढी सपाटी मिळवायची तर चिरेखडक कापा, नाहीतर खाजन, म्हणजे भरतीच्या पाण्याकाठची बांध घातलेली शेतजमीन, भरा. खाजनात भराव खचत राहतो, आणि भरतीच्या पाण्याची वाट अडली तर शेती जाते. मोऱ्या आधी, रूळ नंतर.

पायलटने पान नीट वाचलं. मग म्हणाला, "आणि लोकल आली तरी पणजी इथून दहा-बारा किलोमीटर." हा खर्च आमच्या तक्त्यात नव्हताच. राजधानीत स्टेशन नाही, जुनं गोवं आणि रायबंदरवरून रस्त्यानेच जायचं. बस सुटते घड्याळावर, गाडी येते क्रॉसिंगवर. स्टेशन मास्तरांकडून गाडीची खरी वेळ बसच्या कंट्रोलरला कळत नाही तोवर दोघांची गाठ पडणार कशी? तासाभराने सुटलेल्या पॅसेंजरमधून उतरलेल्यांना बस मिळाली नाहीच. पायलटला एक भाडं मिळालं.