कॉन्सर्टिना कोलकात्याला पाठवताना झालेला वैताग

आधी एकच सांगून ठेवतो, डबा घ्यायच्या अगोदर कुरिअरच्या काउंटरवर जाऊन "वजन कसं धरता ओ" एवढं विचारून या. मी विचारलं नाही, आणि आता बेळगावच्या खडेबाजारातून आणलेली पत्र्याची ट्रंक आमच्या शहापूरच्या घरात गाद्या ठेवायला वापरतोय.

कॉन्सर्टिना म्हणजे हातात धरून वाजवायचं भात्याचं वाद्य, ही काकांची. कॅम्पातलं एक कुटुंब गोव्याला परत गेलं तेव्हा त्यांनी काकांना दिलेली. षटकोनी, मध्ये भाता, दोन्ही बाजूला दहा-दहा बटणं. लंडनच्या लॅशेनाल कंपनीची, आणि ती कंपनी 1930 च्या दशकातच बंद पडली, म्हणजे वय तुम्हीच धरा. (कॉन्सर्टिना पहिल्यांदा काढली त्या व्हीटस्टनने, बारावीच्या फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला ज्याच्या नावाच्या ब्रिजने आमचा घाम काढला तोच.) भात्याला भेग पडलेली आणि तीन रीड (सूर देणाऱ्या धातूच्या पट्ट्या) बोलत नव्हत्या. इकडच्या पेटी दुरुस्त करणाऱ्यांनी बघून हात जोडले, कारण एकाच बटणाला भाता दाबला की एक सूर आणि ओढला की दुसरा. शेवटी एका ओळखीतून कोलकात्याचे कारागीर मिळाले, फोनवर सगळं ठरलं, त्यात काही त्रास नाही. मी स्वतः घेऊन गेलो असतो, पण गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं.

त्रास झाला तो काउंटरवर. पहिल्यांदा मी तिच्या मूळच्या लाकडी षटकोनी डब्यातच घालून, वर पुठ्ठ्याचं खोकं करून घेऊन गेलो. मला वाटलं तिच्याच मापाचा डबा, यापेक्षा चांगलं काय असणार. काउंटरवरच्या पोराने "एनैतरी ओळगं?" (आत काय आहे) असं कन्नडमध्ये विचारलं, मी सांगितलं वाद्य आहे, नाजूक आहे, आणि त्याने काय करावं? खोकं उचललं, कानाजवळ नेलं आणि खडखड हलवून बघितलं! नारळात पाणी किती आहे बघतात तसं! माझ्या तोंडातून शब्दच फुटेना. वर "आत हलतंय, घेणार नाही" म्हणाला. राग आला, पण घरी येऊन उघडून बघितलं तर पोराचं खरं होतं. त्या जुन्या डब्यात कॉन्सर्टिना उभी बसते, वर बोटभर जागा मोकळी, त्यामुळे भाता आतल्या आत उघडझाप करतो. शिवाय उभी ठेवली की रीडवरच्या चामड्याच्या बारीक पट्ट्या खाली लोंबून वाकतात, हे मला कोलकात्याच्या कारागिरांनी नंतर सांगितलं. आडवीच ठेवायची, वाजवताना असते तशी, बटणं डाव्या-उजव्या बाजूला.

दुसऱ्यांदा ट्रंक. खाली उशी, वर उशी, मध्ये घरातल्या जुन्या चादरी, मी खूश. काउंटरवर आज दुसरे साहेब. त्यांनी टेप काढली, 60 बाय 45 बाय 40, गुणाकार करून 5000 ने भागलं आणि म्हणाले 22 किलो. मी म्हटलो ओ साहेब, वाद्य सव्वा किलोचं आहे, ट्रंक धरून सात किलो होत नाही! तर म्हणे विमानात जागा जाते, जागेचं वजन लागतं. बरं, नियम आहे तर आहे, मग पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं? विम्याचं विचारलं तर बिल मागितलं. शंभरीला टेकलेल्या वाद्याचं बिल मी कुठून आणू, काकांना विचारायला वर जाऊ का? तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिलाच पोरगा, आणि तो म्हणतो लाकडी क्रेट करून आणा. तीन दिवसांत तीन नियम, आणि माझा गुडघा रिक्षात चढता उतरता.

सुटलो ते उद्यमबागेमुळे, म्हणजे आमच्या कारखान्यांच्या वसाहतीमुळे. आमच्या शेजारच्या पोराच्या कारखान्यात मशीनचे पार्ट पॅक करायला पांढरा ईपीई फोम वापरतात, त्याने कॉन्सर्टिनाचा कागदावर आकार काढून घेतला आणि ब्लेडने फोम असा कापून दिला की वाद्य आत बसलं ते बसलंच. सगळीकडून दोन इंच फोम, 26 सेंटिमीटरचं चौकोनी खोकं, ते पुन्हा पाच पदरी खोक्यात, मधल्या फटीत फोमचेच तुकडे. बाहेरून 32 सेंटिमीटर, हिशोबाने 7 किलो. गादीतला मऊ स्पंज वापरू नका, तो काही वर्षांनी चिकट होऊन भुगा होतो आणि चामड्याला लागतो. थर्माकोलचे दाणेही नकोत, बटणाच्या भोकात गेले तर काढत बसा.

हां, आणि भाता मिटताना हवेचं बटण (ज्याने सूर न वाजता हवा सुटते) दाबून हळू मिटवायचा, नुसता ढकलायचा नाही. मिटलेला राहावा म्हणून मी आधी रबरबँड लावला होता, तो काढून सुती नाडी बांधली, रबर चामड्याला चिकटतं. जुलै होता, बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, म्हणून सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या आणि आतलं खोकं प्लास्टिकमध्ये गुंडाळलं. बंद करण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, मी काढले.

मग त्या काउंटरवर गेलोच नाही, दुसऱ्या कुरिअरकडे दिलं, पाच मिनिटांत पावती. खोक्यावर तीन भाषांत लिहून घेतलं होतं, हलवून बघू नये, कन्नडमध्ये "अल्लाडिसबेडी". कोलकात्यात कन्नड कोण वाचणार ते वेगळं.

सहाव्या दिवशी कारागिरांचा व्हिडिओ कॉल आला. त्यांनी नाडी सोडली, भाता ओढला, त्या तीन रीड मुक्याच होत्या पण बाकीच्या सतरा बटणांनी दोन्हीकडून सूर दिला. मग त्यांनी रिकामा फोम कॅमेऱ्यासमोर धरून विचारलं, असा आणखी एक कापून मिळेल का.